सरहद्दीवरचे सुतारकाम

१० मे १८७१ रोजी फ्रँकफुर्ट येथे झालेल्या तहान्वये फ्रान्सने बेलफोर्टचा टापू वगळून सबंध अल्सास प्रांत आणि मेट्झ शहरासह लोरेनचा ईशान्येकडील भाग नव्याने स्थापन झालेल्या जर्मन साम्राज्याच्या हवाली केला, पाच अब्ज फ्रँकांची खंडणी कबूल केली, आणि त्या खंडणीची फेड पुरी होईतो आपल्या पूर्वेकडील मुलखात जर्मन फौजेची ठाणी राहू देण्याचेही मान्य केले. राज्यकर्त्यांच्या दप्तरात अशा तहाचा हिशेब कलमांनी आणि चौरस मैलांनी होतो. ज्या गावाच्या दाराशी नवी सरहद्द येऊन थांबते त्या गावाला मात्र तो हिशेब तुटलेल्या सोयरिकींनी, नव्या जकातनाक्यांनी आणि रात्रीबेरात्री सामान घेऊन आलेल्या पाहुण्यांनी करावा लागतो. लोरेनच्या जुन्या ड्यूकांची राजधानी असलेले नान्सी हे शहर या वाटणीत फ्रान्सकडे राहिले, आणि पुढे एका पिढीच्या आत या शहरात अशी काही मेजे, पलंग, कपाटे व खुर्च्या घडल्या की ज्यांच्या पायांवाटे पाणकमळाचे देठ वर चढत गेले, ज्यांच्या खांबांच्या जागी चतुर पंख आवरून उभे राहिले आणि ज्यांच्या फळ्यांवर रानातले गवत लाकडाच्याच रंगांनी डोलू लागले. या सुतारकामाचा आणि त्या तहाचा संबंध काय, असे कोणी विचारल्यास तो संबंध एका मेजावर अक्षरश: कोरून ठेवलेला आहे, एवढेच उत्तर तूर्त पुरे, त्या मेजापाशी आपण यथावकाश येऊच.

नान्सी हे काही उपटसुंभ गाव नव्हते. अठराव्या शतकात, पोलंडच्या गादीवरून दोनदा पदच्युत झालेला राजा स्तानिस्लास लेश्चिन्स्की यास, पंधराव्या लुईचा सासरा या नात्याने, लोरेनची डची हयातीपुरत्या जहागिरीसारखी १७३७ मध्ये मिळाली, आणि राज्य करण्याचा अधिकार नावापुरताच उरलेल्या या वृद्ध राजाने आपली सारी हौस शहर सजविण्यात खर्च केली. आज ज्यास त्याचेच नाव आहे तो भव्य चौक १७५५ मध्ये पुरा झाला, आणि त्याच्या कोपऱ्यांना झां लामूर नावाच्या लोहाराने जी कठडेवजा दारे बसविली त्यांत लोखंडासारखा अडेल धातू वेलीसारखा वळलेला, पानांनी फुटलेला आणि सोन्याच्या मुलाम्याने उजळलेला दिसतो. स्तानिस्लास १७६६ मध्ये वारला, डची फ्रान्सच्या खालशात जमा झाली, पण लामूरची दारे राहिली; आणि कठीण द्रव्याला वनस्पतीचे लाघव देता येते हा धडा या शहरात वाढणाऱ्या प्रत्येक कारागिराला चौक ओलांडता ओलांडता फुकट मिळत राहिला.

तहानंतर या शांत प्रांतिक शहराचे रूप पालटले. तुटलेल्या प्रांतांतील ज्या रहिवाशांना फ्रेंच राष्ट्रीयत्व राखावयाचे होते त्यांना १ ऑक्टोबर १८७२ पर्यंतची मुदत होती, आणि ही मुदत म्हणजे घरदार सोडण्याचा हुकूमच असल्यामुळे स्ट्रासबूर्ग, मेट्झ व लहानसहान गावांतून वकील, प्राध्यापक, व्यापारी, कामगार, सारे नान्सीच्या वाटेला लागले. स्ट्रासबूर्गच्या विद्यापीठाची वैद्यकशाखा १८७२ मध्ये नान्सीस हलली. बिच या गावी नोटरीचे काम करणारे झां दोम यांनी नान्सीत येऊन एक काचकारखाना आपल्याकडे घेतला, आणि त्यांच्या मुलांनी पुढे त्या काचेला जगप्रसिद्ध केले. १८६६ पासून १९११ पर्यंत शहराची वस्ती दुपटीहून अधिक झाली. भांडवल आले, बुद्धी आली, कारागीर आले. आणि या सर्वांसह एक बोचणीही आली, जी दिवाणखान्यात बसून बोलून दाखविता येत नव्हती आणि विसरताही येत नव्हती.

एमिल गाले याचा जन्म या शहरात ४ मे १८४६ रोजी झाला. बापाचा धंदा काचसामान व चिनी मातीची भांडी यांचा, घर सुस्थितीतील, प्रोटेस्टंट संस्काराचे. मुलाला शाळेतच वनस्पतिशास्त्राचे वेड लागले, आणि लोरेनच्या वनस्पतिसृष्टीवर ग्रंथ लिहिणाऱ्या गोद्रों या विद्वानाच्या सहवासात ते वेड व्यासंगात रूपांतरित झाले. पुढे वायमार येथे शिक्षण, मायसेन्थाल गावच्या भट्टीत काचेच्या विद्येची उमेदवारी, ज्याचा शेवट त्या तहात झाला त्या १८७० च्या युद्धात स्वखुशीने पत्करलेली शिपाईगिरी, आणि १८७७ मध्ये वडिलांच्या पेढीची सूत्रे हाती, असा त्याचा क्रम. त्याच वर्षी नान्सीत उद्यानविद्येची एक संस्था निघाली आणि गाले तिचा चिटणीस झाला. मायसेन्थाल तहामुळे जर्मनीत गेले होते. तरी १८९४ मध्ये नान्सीत स्वत:ची भट्टी पेटेपर्यंत गालेची काच त्या परकीय झालेल्या गावातच फुंकली जात होती आणि सरहद्द ओलांडून घरी येत होती. ज्या माणसाच्या मालाला स्वत:च्याच प्रांतातून येताना जकातनाका लागतो, त्याच्या मनात सरहद्दीचे काय स्थान असेल याची कल्पना वाचकाने करावी.

सुतारकामाकडे तो वळला तो जवळजवळ अपघाताने. आपल्या काचेच्या पात्रांसाठी बैठकी करवून घ्याव्यात म्हणून तो एकदा एका लाकूड व्यापाऱ्याच्या वखारीत गेला, आणि तेथे दूरदूरच्या देशांतून आलेल्या लाकडांचे रंग, त्यांच्या शिरा, त्यांचे वास यांनी त्याला असे काही भारून टाकले की बैठकींची गोष्ट बाजूला राहून १८८५ च्या सुमारास त्याने फर्निचरचा स्वतंत्र कारखानाच काढला. ही हकिगत त्याने स्वत:च सांगितलेली आहे. सुतारकीचे शिक्षण त्याला नव्हते. तो बागवान होता, काचेचा किमयागार होता, आणि त्याने लाकडाकडे पाहिले ते बागवानाच्या व किमयागाराच्या दृष्टीने. या दृष्टीचा लाभ आणि दोष, दोन्ही त्याच्या कामात अखेरपर्यंत दिसतात.

त्याची मुख्य विद्या लाकडी जडावकामाची. अक्रोड, नासपती, मॅहॉगनी, आबनूस अशा भिन्नरंगी लाकडांचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढावयाचे, चित्रातील एकेक पाकळी, एकेक पान बारीक करवतीने त्यांतून कापून घ्यावयाचे, सावली हवी तेथे तुकड्याची कड तापलेल्या वाळूत खुपसून किंचित करपवावयाची, आणि मग हे शेकडो तुकडे सरसाने एकमेकांशेजारी असे बसवावयाचे की रंगाची कुंचली न लावता चित्र उभे राहावे. फ्रेंच सुतार ज्याला पालिसांद्र म्हणतात ते आपल्या शिसवीच्याच कुळातील. त्याच्या जांभळट काळोखावर फिक्या लाकडाचे फूल उमलले की संध्याकाळच्या बागेचा भास होतो. गालेने निसर्गाची हुबेहूब नक्कल न करता लाकडाच्या मूळच्या रेषांनाच कामाला लावले: जेथे गाठ होती तेथे ढग आला, जेथे रेषा लहरत होत्या तेथे पाणी वाहिले.

आता ते मेज. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गालेने जो माल मांडला त्यात ‘ऱ्हाईन’ या नावाचे एक लांबरुंद मेज होते. त्याच्या वरच्या फळीवर मध्यभागी वृद्ध पुरुषाच्या रूपातील ऱ्हाईन नदी, आणि तिच्या दोहों अंगांस गॉल व जर्मन जमाती, असा देखावा व्हिक्तोर प्रूव्हे या चित्रकार मित्राच्या रेखाटनावरून जडविलेला आहे. आणि त्यासोबत रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या, ऱ्हाईन ही गॉल व जर्मेनिया यांमधील सीमा होय, अशा आशयाच्या शब्दांची ग्वाही घातलेली आहे. अठरा शतकांपूर्वीच्या, फ्रेंच वा आजच्या अर्थाने जर्मन नसलेल्या, एका त्रयस्थ लेखकाची साक्ष काढण्यात गालेचे वकिली कसब दिसते: सीमा ऱ्हाईन असेल तर अल्सास कोणाचे, हा प्रश्न त्याने विचारलाही नाही, आणि प्रदर्शनात मेजासमोर उभ्या राहणाऱ्या एकाही फ्रेंच माणसाला तो विचारण्याची गरज पडली नसेल. एवढे मानूनही मेज म्हणून पाहिल्यास ही वस्तू सोळाव्या शतकाच्या जुन्या घडणीचीच आहे, जड आणि राजदरबारी. त्या प्रदर्शनात काचेबद्दल गालेला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि फर्निचरबद्दल रौप्यपदकावर त्याची बोळवण झाली. परीक्षकांचा हा निवाडा मला तरी अन्यायाचा वाटत नाही.

आपल्या भाषेत नक्षी आणि घडण असे दोन निराळे शब्द आहेत, आणि गालेच्या फर्निचरचा विचार करताना हा भेद फार उपयोगी पडतो. त्याच्या आरंभीच्या कामात नक्षी अपूर्व आहे, घडण उसनी आहे. पंधराव्या लुईच्या काळचे कपाट तसेच ठेवून त्याच्या अंगावर लोरेनचे रान पसरलेले आहे. ही उणीव त्याला कळली होती. १९०० मध्ये पॅरिसच्या एका कलाविषयक नियतकालिकात निसर्गानुसारी फर्निचरवर त्याने जो दीर्घ लेख लिहिला त्यात त्याने असे प्रतिपादिले की वनस्पती व कीटक यांच्या देहाची रचना हीच मेजाच्या पायाची, कपाटाच्या चौकटीची रचना झाली पाहिजे. त्या सुमारास त्याने कोथिंबीर व शेपू यांच्या कुळातील, छत्रीसारखी फुले धरणारी जी रानटी झाडे लोरेनच्या ओढ्याकाठी वाढतात त्यांच्या पन्हळी देठांवरून कपाटांचे खांब बेतले, आणि चतुराच्या देहावरून मेजांचे पाय. नक्षी अशी हळूहळू घडणीत उतरू लागली.

ही झाडे निवडताना त्याच्या मनात काय होते? येथे जपानचेही ऋण मानले पाहिजे. नान्सीत १८२४ पासून सरकारी वनविद्यालय होते, आणि १८८५ ते १८८८ या काळात तेथे शिकावयास आलेला ताकाशिमा होक्काई हा जपानी वनाधिकारी स्वत: चित्रकार होता, त्याच्या कुंचल्यातून एकटे गवताचे पाते कसे सबंध कागद भरून टाकते हे नान्सीच्या कलावंतांनी समक्ष पाहिले. तथापि जपानी चित्र पाहून फूल कसे काढावे एवढेच कळते. कोणते काढावे हे कळत नाही. नान्सी शहराचे मानचिन्ह पंधराव्या शतकापासून एक काटेरी झुडूप आहे, आपल्या माळावरच्या उत्कटारीच्या गोतातले, आणि जो अंगाशी येईल त्याला टोचल्याखेरीज राहणार नाही असा त्याचा बाणा. ते झुडूप गालेच्या काचेवर, लाकडावर वारंवार उगवते, आणि त्याच्या सहीशेजारी लोरेनचा दुहेरी आडपट्ट्यांचा क्रूस दिसतो. मला वाटते, या सगळ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. जमिनीची वाटणी झाली, पण ओढ्याकाठच्या झाडांची झाली नव्हती. मेट्झच्या शिवारात आणि नान्सीच्या शिवारात तीच फुले त्याच महिन्यात उमलत होती. वनस्पतींनी तह मानला नाही. ज्याला आपला सबंध प्रांत एकाच नकाशात पाहावयाचा होता त्याला तो नकाशा वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथातच मिळण्यासारखा होता, आणि गालेने तो लाकडात उतरवून घरोघरच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवला.

देशप्रेमाचा असा गाजावाजा करणारी माणसे बहुधा परक्यांविषयी अनुदार होत जातात. गालेचे तसे झाले नाही, हे त्याच्या चारित्र्याचे मोठेपण. ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आळ आला तेव्हा सरहद्दीवरच्या, लष्कराला दैवत मानणाऱ्या नान्सीत त्याची बाजू घेणे म्हणजे गिऱ्हाईकावर पाणी सोडणे होते. गालेने ती उघडपणे घेतली, मानवी हक्कांच्या संघाचे काम केले, आणि १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तीच वेदना काचेत ओतून मांडली. गावातले बरेच लोक त्याला दुरावले.

त्याची अखेरची कामे आंरी हिर्श नावाच्या न्यायाधीशासाठी झाली. एक आहे चतुरांचे कपाट, जे आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्यात चौकटीचा भार पेलणारे आधार म्हणजेच कोरलेले चतुर होत. दुसरा आहे ‘पहाट आणि संधिकाल’ या नावाचा पलंग. उशाकडच्या फळीवर काळोखी रंगांच्या लाकडातला एक प्रचंड पतंग देखाव्यावर पंख पसरून संध्याकाळ उतरवितो, आणि पायथ्याशी पहाटेचे पतंग समोरासमोर येतात, त्यांच्या पंखांत शिंपल्याचे तुकडे चमकतात, मध्ये काच उजळते. झोपणारा माणूस संध्याकाळच्या पंखाखाली डोके ठेवणार आणि जागा होताच त्याची नजर समोरच्या पहाटेवर पडणार, ही योजना पलंगाचा पलंगपणा ओळखूनच केलेली आहे. येथे नक्षी आणि घडण यांत बोट घालण्याइतकीही फट उरलेली नाही. हा विवाहप्रसंगासाठी करविलेला पलंग १९०४ मध्ये पुरा झाला, आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला रक्ताच्या कर्करोगाने गालेचा अंत झाला. वय अठ्ठावन्न.

लुई माजोरेल हा सर्वस्वी निराळ्या धातूचा मनुष्य. तो १८५९ मध्ये तूल येथे जन्मला. बाप फर्निचरचा धंदा करीत असे, जपानी धर्तीच्या लाखकामाची नक्कल ही त्यांची खासियत. मुलगा पॅरिसला चित्रकला शिकावयास गेला, पण १८७९ मध्ये वडील वारले आणि त्याला परत येऊन दुकान सांभाळावे लागले. दहा-बारा वर्षे त्याने जुन्या थाटाचाच माल केला. गालेच्या उदाहरणाने तो नव्या मार्गाला लागला खरा, परंतु गुरूची वनस्पतिविद्या किंवा काव्य त्याच्यापाशी नव्हते. त्याच्यापाशी होता तो सुताराचा जन्मजात अंदाज, की अमुक एक वळण अमुक जाडीच्या लाकडाला शोभेल आणि अमुक ठिकाणी ते मोडेल. १९०० च्या प्रदर्शनात मांडलेले त्याचे पाणकमळाचे फर्निचर पाहावे: मॅहॉगनीचा पाय जमिनीतून उठतो, वर जाता जाता ताणला जातो, आणि त्याच्या कडेने सोनेरी मुलाम्याच्या कांशाचे देठ चढत जाऊन वर पानाकळ्यांत उमलतात. फूल नेमके कोणते, हे ओळखण्याची त्याला फारशी पर्वा नाही. त्याला हवी आहे देठातली ती ओढ, जी रोपाला पाण्याखालून उजेडाकडे खेचते. गालेचे फर्निचर वाचावे लागते. माजोरेलच्या मेजावरून हात फिरवावासा वाटतो.

असे वळण लाकडातून काढणे म्हणजे काय, हे ज्याने सुताराशेजारी चार दिवस काढले आहेत त्यालाच कळेल. झाडाची रेषा सरळ जाते; वळणदार पाय सरळ ओंडक्यातून कापला की वळणाच्या ठिकाणी रेषा आडवी तुटते आणि तेथेच तो पाय दुबळा होतो. म्हणून मुळात जाड लाकूड घ्यावे लागते, त्यातला पुष्कळसा भाग भुशात जातो, आणि सांधा वळणाच्या पोटात लपवून खाचेत कुसू असे बसवावे लागते की दोन तुकडे एकाच देठातून फुटल्यासारखे दिसावेत. पटाशीने व किंकऱ्याने तासलेला पृष्ठभाग मग कानसेने, घासकागदाने, शेवटी तळहाताने तपासावयाचा, कारण डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. तथापि नान्सीच्या या मालाला सरसकट हातचे काम म्हणणे खरे नव्हे, आणि नान्सीकरांनी तसा आवही आणला नाही. माजोरेलच्या कारखान्यात लाकूड चिरण्याचे व ढोबळ आकार काढण्याचे काम यंत्रे करीत, आणि कोरीव काम, जडाव व शेवटचा हात माणसाचा असे. शिवाय त्याच्या यादीत एकच मेज श्रीमंतासाठी कांशाच्या देठांसह आणि मध्यमवर्गीयासाठी साधे, अशा दोन्ही तऱ्हांनी मिळे. गालेही यंत्राचा शत्रू नव्हता. इंग्लंडात विल्यम मॉरिसने हाताची बाजू घेतली ती यंत्राविरुद्ध. नान्सीत हाताचा अभिमान होता तो गावाच्या नावासाठी, आणि गावाच्या नावाला यंत्राचे वावडे नव्हते.

तिसरा यूजेन वालँ, १८५६ चा जन्म, देवळांतील लाकूडकाम करणाऱ्या चुलत्याच्या हाताखाली तयार झालेला. गॉथिक प्रार्थनामंदिरांच्या कमानी व फासळ्या कोरता कोरता भार कोठून कोठे वाहतो याचे ज्ञान त्याच्या हाडींमाशी खिळले होते, म्हणून त्याच्या फर्निचरवर फुले थोडी आणि स्नायू फार. १९०३ ते १९०६ या काळात त्याने मासों कुटुंबासाठी केलेले भोजनगृह हे माझ्या मते या सबंध संप्रदायाचे सर्वांत परिपक्व काम होय. दार, भिंतीचे अस्तर, कपाट, मेज, खुर्च्या ही सारी एकाच झाडाच्या बुंध्याने घेतलेली निरनिराळी वळणे वाटतात, आणि वर प्रूव्हेने सजविलेले चामड्याचे छत. येथे फर्निचर खोलीत ठेवलेले नाही. खोलीच फर्निचर झाली आहे. अशा खोलीत रोज जेवावयास बसण्याइतका धीर माझ्या अंगी असता की नाही, हा प्रश्न वेगळा.

१३ फेब्रुवारी १९०१ रोजी ही मंडळी एकत्र आली आणि कलोद्योगांची एक प्रांतिक संघटना त्यांनी स्थापिली, जिला लोक ‘नान्सीचा संप्रदाय’ म्हणू लागले. अध्यक्ष गाले, उपाध्यक्षांत माजोरेल, वालँ व झां दोम यांचा एक मुलगा. पॅरिसच्या हुकमतीवाचून प्रांताने आपल्या कारागिरांना शिकवावे, आपला माल आपल्या नावाने विकावा, असा तिचा उद्देश. संघटनेने १९०३ मध्ये पॅरिसला व पुढच्या वर्षी नान्सीत प्रदर्शन भरविले. गालेच्या मृत्यूनंतर प्रूव्हे अध्यक्ष झाला, पण तो चित्रकार व सज्जन गृहस्थ. संप्रदायाला ज्या एका हट्टी मनाने बांधून ठेवले होते ते गेले होते.

इतरत्र या शैलीचे नाव ‘आर्ट नूव्हो’ असे पडले, पॅरिसच्या बिंग नावाच्या व्यापाऱ्याने डिसेंबर १८९५ मध्ये उघडलेल्या दुकानावरून. ब्रसेल्समध्ये होर्ता, पॅरिसमध्ये गिमार, बार्सेलोनात गौदी यांनी आपापल्या परीने लाकडाला मूर्तीची काया दिली, आणि त्यांतला प्रत्येक जण स्वतंत्र लेखाचा धनी आहे. येथे एकाचेच नाव घेतो, कारण त्याची कहाणी याच सरहद्दीची आहे. रुपेर काराबँ १८६२ मध्ये अल्सासातील साव्हेर्न येथे जन्मला. तहानंतर कुटुंब पॅरिसला आले. १८९० मध्ये त्याने अक्रोडाचे एक ग्रंथकपाट केले, ज्यात स्त्रीमूर्ती फळ्यांच्या आधाराला बसल्या आहेत, आणि त्या वर्षीच्या एका स्वतंत्र म्हणविणाऱ्या कलाप्रदर्शनाने ते नाकारले, कारण कपाट हे उपयोगाची वस्तू असल्यामुळे शिल्प ठरत नाही. आज तेच कपाट ओर्से संग्रहालयाच्या शिल्पवैभवात मोडते.

परंतु मागणी वाढली तशी नक्कल वाढली. बर्लिनपासून मिलानपर्यंतच्या कारखान्यांना वळण सापडले, त्यामागचा ओढा सापडला नाही. कोणत्याही देठाला कोणतेही फूल, कोणत्याही पायाला कोणतीही पिळवट, असा माल बाजारात आला, आणि पॅरिसच्या टवाळखोरांनी सबंध शैलीचे नाव ‘शेवया’ ठेवले. टवाळी झोंबणारी आहे, आणि नकलांपुरती खरीही. नान्सीने १९०९ मध्ये पूर्व फ्रान्सचे मोठे प्रदर्शन भरविले तेव्हा संप्रदायाच्या दालनाचे काम वालँकडे होते, पण तोवर त्याचे लक्ष लाकडावरून काँक्रीटकडे वळू लागले होते. १९१४ मध्ये युद्ध आले आणि आघाडी शहरापासून काही कोसांवर चार वर्षे राहिली. १९१६ मध्ये माजोरेलचा कारखाना आगीत भस्म झाला, आणि त्यासोबत वर्षानुवर्षांचे नमुने व आराखडे गेले.

मग १९१८ मध्ये तो दिवस उगवला ज्याची या शहराने सत्तेचाळीस वर्षे वाट पाहिली होती. अल्सास व लोरेन परत आले, १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि काराबँ १९२० मध्ये स्ट्रासबूर्गच्या अलंकरणकलेच्या शाळेचा संचालक म्हणून आपल्या जन्मप्रांतात परतला. यानंतर नान्सीचे सुतार पुन्हा बहरतील असे कोणास वाटले असेल तर ते तसे झाले नाही. माजोरेलने कारखाना पुन्हा उभारला, तो सरळ रेषांचा, नव्या तऱ्हेचा माल करू लागला, आणि १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नान्सीच्या वतीने भागही घेतला. पण लाकडातून वर चढणारे ते देठ पुन्हा दिसले नाहीत. याचे कारण केवळ बदललेली अभिरुची, असे कलेचे इतिहासकार सांगतात, आणि ते बहुतांशी बरोबर आहे. मला मात्र असेही वाटते की ज्या बोचणीने त्या फुलांना लाकडात यावयास लावले ती बोचणीच उरली नव्हती. हरवलेला प्रांत हाती आल्यावर त्याचा नकाशा दिवाणखान्यात कोण ठेवतो?

माजोरेल १९२६ मध्ये वारला. १९०१-०२ मध्ये आंरी सोव्हाज या तरुण वास्तुकाराकडून त्याने बांधून घेतलेला बंगला त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी सरकारने विकत घेऊन तेथे रस्ते व पूल खात्याची कचेरी थाटली, आणि त्याच्या जिन्यावरून कारकून फायली घेऊन चढू-उतरू लागले. हसण्यासारखे असले तरी याच कचेरीमुळे बंगला पाडला गेला नाही. जीर्णोद्धारानंतर २०२० मध्ये तो लोकांसाठी पुन्हा उघडला. प्रूव्हेचा मुलगा झां, ज्याचा धर्मपिता गाले होता, त्याने लाकूड सोडून पोलादी पत्रा हाती घेतला आणि तो दुमडून खुर्च्या केल्या. त्यांच्या मागच्या पायांना, जेथे बसणाऱ्याचा भार पडतो तेथे, त्याने देठासारखा फुगवटा दिला आहे, पण पान एकही नाही.

यूजेन कोर्बँ या व्यापाऱ्याने जमविलेला संग्रह त्याने १९३५ मध्ये शहराला दिला, आणि त्याच्याच जुन्या घरात १९६४ मध्ये नान्सी संप्रदायाचे संग्रहालय उघडले. पतंगांचा पलंग तेथे आहे, वालँचे भोजनगृहही तेथेच आहे, आणि ‘ऱ्हाईन’ हे मेजही. फ्रान्स आणि जर्मनी यांची सरहद्द आज, अल्सासच्या पूर्व अंगास, त्या नदीच्या पात्रातूनच जाते.